सिगारेटवरून वेपवर : ‘हळूहळू’ची चारशे वर्षं

नाशिकच्या कॉलेज रोडला संध्याकाळी चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं की धुराचा वास बदललाय, मधेच आंब्याचा नाहीतर मिंटचा गोड वास येतो आणि बघावं तर कुणीतरी मुठीत पेनड्राइव्हएवढं काहीतरी लपवून झुरका मारत असतं, तीच वेप, म्हणजे ई-सिगारेट. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सिगारेट कमी करतोय रे, हळूहळू यावर शिफ्ट होतोय." हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या दादाच्या तोंडून ऐकलं २०१८ मध्ये. तो तेव्हा सातपूरच्या एका कंपनीत तिन्ही शिफ्ट करायचा, दिवसाला १५ सिगारेटी, नाइटला त्याहून जास्त. त्याचं पुढं काय झालं ते सांगतोच, पण त्याच्यामुळे मी या ‘हळूहळू’ची पाळंमुळं शोधत गेलो, आणि ती किती मागं जातात बघून खरंच थक्क झालो.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. १७ व्या शतकाच्या अगदी सुरवातीला अकबराचा असद बेग नावाचा अधिकारी विजापूरला गेला होता, तिथं त्याला तंबाखू दिसली आणि त्यानं ती एका नक्षीदार नळीसकट बादशहाला नेऊन दिली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, हकिमानं तिथंच हरकत घेतली की ही अनोळखी वस्तू आहे, आपल्या वैद्यकात हिच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. त्याच दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीचं नाव हुक्क्याशी जोडलं जातं, म्हणजे धूर पाण्यातून आणला की निवतो, त्रास कमी होतो ही कल्पना त्याची अशी आख्यायिका आहे. पुढं १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं आणि लोक ओढत राहिले. म्हणजे बघा, सौम्य धुराचा शोध, हकिमाची हरकत, सरकारी बंदी आणि बंदीनंतरही चालू राहिलेलं ओढणं, हे सगळं आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलंय. हुक्क्याच्या पाण्यानं धूर थंड होतो एवढंच, त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि टार, म्हणजे धुरातला चिकट काळा डांबरासारखा भाग, पोचायचा तो पोचतोच.

आता सिन्नरचं सांगतो कारण नाशिककरांसाठी हा विषय तिथून जातो. सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव, आज तिथं एमआयडीसी आहे पण कित्येक घरं विड्या वळून उभी राहिली आणि ते काम मुख्यतः बायकांचं. माझी आजी सिन्नरची. मांडीवर सूप, सुपात एका कडेला जर्दा म्हणजे विडीत भरायची तंबाखू, ओल्या फडक्यात भिजवून ठेवलेली टेंभुर्णीची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, गोल वळवायची, तोंड दुमडायचं आणि सुतानं बांधायची. बोलता बोलता हात चालू असायचे, एकदाही खाली बघायची नाही. मजुरी हजारावर, पंचवीस-पंचवीसची बंडलं, आणि विडी नीट नाही म्हणून बाजूला काढली की त्या विडीचे पैसे गेले. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला तो अशाच तक्रारींतून. आजीच्या नखांतला तपकिरी रंग काम बंद झाल्यावरही बरेच दिवस गेला नव्हता.

आणि आजोबा तिनंच वळलेल्या विड्या ओढायचे आणि म्हणायचे की सिगारेटीत कागद जळतो, विडीत झाडाचं पान आहे, त्यामुळे विडी बरी. मनापासून म्हणायचे. खरं असं की विडीचं पान कागदासारखं हवा आत घेत नाही, ती विझू नये म्हणून जोरात आणि भराभर ओढावी लागते, त्यामुळे जर्दा कमी असूनही टार आणि निकोटिन सिगारेटीपेक्षा कमी मिळत नाही, उलट जास्तच. पहाटे त्यांचा खोकला वाड्यातल्या सगळ्यांना उठवायचा. देशभराचा विचार केला तर २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात विडी ओढणारे प्रौढ ७.७ टक्के निघाले आणि सिगारेटवाले ४ टक्के, म्हणजे वेपवर जेवढी चर्चा होते त्यात विडीवाला कुठंच नसतो आणि मला हे फार खुपतं.

सिगारेटीच्या बाजूला तोच खेळ जास्त पैशानं झाला. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला, लोक घाबरले, मग कंपन्यांनी फिल्टर पुढं केला. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘केंट’ सिगारेट आली, तिच्या फिल्टरची आरोग्य सांभाळणारा म्हणून जाहिरात व्हायची आणि त्या फिल्टरमध्ये चक्क ॲस्बेस्टॉस होता, निळा ॲस्बेस्टॉस, १९५६ पर्यंत. हे वाचून मी उठून एक फेरी मारून आलो. फिल्टरनंतर ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ आल्या, फिल्टरला बारीक भोकं पाडायची म्हणजे मशीनवर मोजताना धुरात हवा मिसळते आणि टारचा आकडा कमी येतो. पण माणूस म्हणजे मशीन नाही, त्याला तलफ भागेपर्यंत निकोटिन लागतं, तो ओठांनी बोटांनी ती भोकं झाकतो, खोल ओढतो, जास्त वेळ आत धरतो. लाखो लोक ‘आता लाइटवर आलोय, मग सोडेन’ म्हणत लाइटवरच राहिले.

खरा वेगळा विचार आला तो निकोटिन आणि धूर यांना सुटं करण्याचा. लंडनचे मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये मांडलं की लोक ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारमुळे. त्याच्या आधीच स्वीडनमध्ये काम सुरू झालं होतं, तिथल्या पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता यायची नाही म्हणून ते तोंडात तंबाखू धरायचे, आणि ते बघून १९६७ मध्ये ओव्हे फेर्नो या संशोधकाला कळवण्यात आलं की बाबा, निकोटिन दुसऱ्या वाटेनं देऊन बघ. त्यातून निकोटिनचा च्युइंग गम आला. आज आपल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जो २ मिलीग्रॅमचा गम मिळतो त्याचं मूळ तिथं आहे.

धूर न करता सिगारेट ओढल्यासारखं वाटावं असं यंत्र अमेरिकेतल्या हर्बर्ट गिल्बर्टनं १९६३ मध्येच कागदावर मांडलं होतं, १९६५ मध्ये पेटंटही मिळालं, पण ते बनवायला कुणी पुढं आलं नाही. खरं चालणारं यंत्र आलं २००३ मध्ये चीनमधून. हॉन लिक हा फार्मासिस्ट, स्वतः भरपूर सिगारेटी ओढणारा, वडीलही ओढणारे आणि ते फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. कंपनीचं नाव पडलं ‘रुयान’, अर्थ ‘धुरासारखं’. २००६-०७ पर्यंत ते युरोप-अमेरिकेत पोचलं. आत काय असतं तर बॅटरी, एक तापणारी कॉइल, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन यांचं लिक्विड. कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते, जळत काही नाही. सिगारेटीचं टोक झुरका मारताना ९०० अंशांपर्यंत तापतं आणि त्या जळण्यातून हजारो रसायनं तयार होतात, वेपमध्ये ते जळणं नाही, फरक एवढाच आणि तो मोठा आहे. पण कॉइल कोरडी पडली, करपली की वाफेतही फॉर्मल्डिहाइडसारखी नको ती रसायनं येतात. आणि ज्यानं हे बनवलं त्या हॉन लिकची स्वतःची सिगारेटही पूर्ण सुटली नाही, दोन्ही चालू राहिलं.

हे ‘दोन्ही चालू’ म्हणजेच माझ्या दादाची गोष्ट. २०१८ मध्ये त्यानं एक पेन, म्हणजे पेनासारखी वेप, घेतला, तेव्हा दुकानात उघड मिळायचा, बाटलीवर निकोटिन किती ते लिहिलेलं असायचं. टेबलावर मोबाइलच्या चार्जरशेजारी पेनचा चार्जर, शर्टाच्या एका खिशात पेन आणि दुसऱ्या खिशात पाकीट. १५ वरून ६ वर आला, घरात सगळे खूष, वहिनीनं तर एकदा श्रीखंड केलं त्या आनंदात. पण सकाळची पहिली, जेवणानंतरची, शिफ्ट सुटल्यावरची अशा ठराविक सिगारेटी हलेचनात, आणि वेप मात्र दिवसभर, टीव्ही बघताना, गाडी चालवताना, अगदी अंथरुणातसुद्धा, कारण सिगारेट संपते तरी, वेपला शेवट नसतो.

त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात निघालं की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो २० ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! म्हणजे १५ वरून ६ वर येणं हृदयाच्या हिशोबात आम्हाला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतंच, शून्यावर येणं गरजेचं होतं. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वेपनं सिगारेट सुटते का, तर सुटू शकते. ब्रिटनमध्ये ८८६ लोकांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, वर्षानंतर वेपवाल्या गटात १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते आणि गम-पॅचवाल्या गटात ९.९ टक्के. पुढं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांनीही तेच म्हटलं. पण त्या लोकांनी सोडण्याची तारीख ठरवलेली होती, दर आठवड्याला समुपदेशक भेटत होता, लिक्विड नियमात बसणारं होतं. आणि ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते, हा आकडा वेपच्या बाजूनं बोलणारे सहसा सांगत नाहीत. टपरीवरचं ‘हळूहळू’ आणि त्या अभ्यासातलं बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेवढ्यात अमेरिकेत चित्र बिघडलं. २०१५ मध्ये ‘जूल’ नावाचं वेप आलं, त्यात निकोटिन सॉल्ट, म्हणजे निकोटिनमध्ये आम्ल मिसळून घशाला न टोचणारं केलेलं, त्यामुळे भरपूर निकोटिन सहज आत जायचं. शाळकरी पोरं अडकली. २०१८ च्या शेवटी मार्लबोरोवाल्या आल्ट्रिया कंपनीनं जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला, मग हे सिगारेट सोडवायला आलंय यावर कोण विश्वास ठेवणार? २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांना फुफ्फुसाचा गंभीर आजार व्हायला लागला, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक दवाखान्यात आणि ६८ मृत्यू. मुख्य संशय गांजाचा अर्क भरलेल्या वेपमधल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला, निकोटिनच्या साध्या लिक्विडवर नाही, पण ते स्पष्ट होईपर्यंत भारताचा निर्णय झाला होता.

आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मे २०१९ मध्ये वेपवर संपूर्ण बंदीची शिफारस केली, १८ सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी बंदी जाहीर केली, आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात सगळं बंद, पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यालाही शिक्षा आहे. सिगारेट आणि विडी मात्र चालूच. शाळकरी पोरांचा विचार केला तर मला बंदीमागचं कारण पटतं, आणि दादासारख्यांचा विचार केला की वाटतं त्यांच्यासाठी काही वाट ठेवायला हवी होती, ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात एकदमच असतात.

बंदीनंतर दादाचं लिक्विड मिळेना. मग कुणाच्या तरी ओळखीनं एक डिस्पोजेबल, म्हणजे संपली की फेकायची वेप आली, वर चिनी अक्षरं आणि कलिंगडाचं चित्र, निकोटिन किती ते कुठंच नाही. हातात घेऊन बघितली तेव्हा दोन बोटांएवढी होती आणि वजनाला एकदम हलकी. ती आल्यापासून तो रात्री दोनला उठून झुरका मारायला लागला, आधी असं कधी नव्हतं. काही महिन्यांत सिगारेटीही परत १२ वर गेल्या, वेप वर वेगळी. २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्यात सुट्ट्या सिगारेटी विकायला बंदी आली तेव्हा वाटलं आता तरी फरक पडेल, तर तो पूर्ण पाकीट घ्यायला लागला.

शेवटी २०२२ मध्ये वहिनीनं १८००-११-२३५६ ला फोन लावला, ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन, २०१६ पासून चालू आहे आणि फुकट आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो किती ओढता असा नव्हता, उठल्यावर किती मिनिटांत पहिली ओढता असा होता. दादा म्हणाला पाच. त्यावरून व्यसन किती खोल आहे ते कळतं म्हणे. मग डॉक्टरकडे जाऊन ४ मिलीग्रॅमचा गम लिहून आणला, तो नेहमीच्या च्युइंग गमसारखा चघळायचा नसतो, दोन-चारदा चावून तिखट लागलं की गालात धरून ठेवायचा, हे त्याला शिकायलाच आठवडा गेला. सिगारेट आणि वेप दोन्ही एकाच दिवशी बंद, सोमवारी, फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी. मधे दोनदा सुरू झालं, दोनदा परत तारीख ठरवली. गेल्या दिवाळीपासून दोन्ही बंद आहे, गमही संपला. ती कलिंगडवाली अजून त्याच्या टूलबॉक्समध्ये पडलेली आहे, बॅटरी असल्यामुळे ओल्या कचऱ्यात टाकता येत नाही आणि कचऱ्याच्या घंटागाडीवाल्याला काय सांगून द्यायची ते त्याला अजून सुचलेलं नाही.