घरटे आणि आसरा : इटलीतल्या बालसंगोपनामागचा इतिहास

इटलीत तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघराला 'नीदो' म्हणतात. नीदो म्हणजे घरटे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेचे सरकारी नाव आज वेगळे असले, तरी बोलताना आजीपासून नातीपर्यंत सगळे तिला 'अझीलो'च म्हणतात, आणि अझीलो म्हणजे आसरा. रोजच्या वापराने हे शब्द इतके गुळगुळीत झालेत, की त्यांचा मूळ अर्थ सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण इटालियन कुटुंबांनी आपली लहान मुले कोणाच्या हाती सोपवली आणि का सोपवली, ते या दोन शब्दांत साठून राहिले आहे. हा सारा इतिहास मला एकाच भांडणाचा वाटतो : मूल सांभाळणे हे कोणाचे काम? आईचे, चर्चचे, सरकारचे की गावाचे?

सुरुवात आसऱ्यापासून करावी लागते. फ्लॉरेन्समध्ये रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने टाकलेल्या मुलांसाठी एक मोठी वास्तू बांधायला घेतली, 'ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पापांचे रुग्णालय. आराखडा फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा, काम सुरू झाले १४१९ मध्ये आणि पहिली मुलगी आत आली ५ फेब्रुवारी १४४५ रोजी. तिचे नाव अगाता स्मेराल्दा ठेवले. त्यानंतर सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ, म्हणजे थेट १८७५ पर्यंत, तिथे अंधारात मुले सोडली जात होती. काही बाळांच्या कपड्यांत आईने एखादा मणी, फीत किंवा मधोमध तोडलेले पदक ठेवलेले असे. अर्धे पदक बाळाजवळ, अर्धे आईजवळ. कधी दिवस पालटले, तर हे दोन तुकडे जुळवून मूल ओळखता येईल, ही आशा. ती पदके आज तिथल्या संग्रहालयात आहेत. त्या अर्ध्या तुकड्यांचा विचार केला की 'आईने मूल टाकले' हे वाक्य मला अपुरे वाटू लागते. नेपल्स परिसरातले 'एस्पोझितो' हे आडनावही टाकलेल्या मुलांवरूनच आले. त्याचा अर्थ उघड्यावर ठेवलेला.

पण मूल घराबाहेर ठेवणे ही केवळ गरिबांची गोष्ट नव्हती. त्याच फ्लॉरेन्समधली खाऊनपिऊन सुखी घराणी तान्ही मुले खेड्यातल्या दूध पाजणाऱ्या दाईकडे पाठवत. दाईला 'बालिया' म्हणत, आणि तिच्याशी पैशांचा करार बहुधा बाळाचा बाप करी. मूल वर्ष-दोन वर्षांनी घरी परते. 'इटालियन आई मुलाला क्षणभर दूर करत नाही' हे चित्र आपण फार जुने समजतो, पण ते तितके जुने नाही.

आसऱ्याचा आसरा आणि शाळा असा दुहेरी अर्थ झाला तो एकोणिसाव्या शतकात. क्रेमोनाचे पाद्री फेर्रान्ते अपोर्ती यांनी १८२० च्या दशकाअखेर लहान मुलांसाठी पहिला 'अझीलो' काढला. प्रार्थना, गाणी, अक्षरओळख, थोडे खाणेपिणे, आणि आई-बाप कामावर असताना डोक्यावर छप्पर. पुढे उत्तर इटलीत ही कल्पना पसरली. पोपच्या राज्यात मात्र तिच्याकडे संशयाने पाहिले गेले, कारण लहान मुले कोणाच्या हाती असावीत हा तिथे राजकारणाचाच प्रश्न होता.

शतक संपता संपता ब्रेशियाजवळच्या मोम्पियानोत रोझा आणि कारोलिना आगात्सी या बहिणींनी जे केले, ते मला या साऱ्या गोष्टीतले सर्वांत लोभस पान वाटते. मुलांच्या खिशांत काय असते? बटणे, दोऱ्याचे तुकडे, रिकाम्या डब्या, खडे, बिया. बहिणींनी ते फेकायला लावले नाही, उलट मांडून ठेवले आणि त्यावरच रंग, आकार, मोजणी शिकवली. वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक चित्रखूण दिली : कोणाला छत्री, कोणाला चेरी, कोणाला तारा. त्याच्या खुंटीवर, रुमालावर, पेल्यावर तीच खूण. घरात भावंडांच्या गर्दीत स्वतःचे म्हणावे असे काही नसलेल्या मुलाला 'ही खुंटी माझी' म्हणता यायचे. अशा खुणा इटलीतल्या अनेक बालशाळांत आजही खुंट्यांवर दिसतात.

मग ६ जानेवारी १९०७. रोममधली सान लोरेन्झो ही मजुरांची वस्ती. एका बांधकाम संस्थेने तिथल्या चाळवजा इमारती दुरुस्त केल्या होत्या. पण आई-बाप कामाला गेले की मागे राहिलेली मुले जिन्यांत धुडगूस घालत, भिंती खराब करत. मुलांना एका खोलीत गुंतवायचे, म्हणजे इमारतीचा खर्च वाचेल, असा हिशेब होता. काम दिले गेले डॉ. मारिया मोन्तेस्सोरी यांना आणि खोलीला नाव मिळाले 'कासा देई बाम्बिनी', मुलांचे घर. त्याच इमारतीत, त्याच जिन्याखाली. आईने मुलाला स्वच्छ करून पाठवायचे आणि आठवड्यातून एकदा बाईंशी येऊन बोलायचे, असा नियमच होता. घर आणि शाळा यांच्यातला उंबरठा इतका बारीक पूर्वी क्वचितच कोणी केला असेल. ज्या बाईंनी हे घडवले, त्यांचा स्वतःचा मुलगा मारिओ मात्र लग्नाबाहेर जन्मला म्हणून खेड्यातल्या एका कुटुंबात वाढत होता. त्या काळाने त्यांच्यापुढे ठेवलेली ही निवड किती क्रूर होती!

इथे आपला एक धागा जुळतो. मोन्तेस्सोरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धामुळे भारतातच अडकल्या. पण महाराष्ट्रात ही पद्धत त्याआधीच ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांच्या कामातून पोचली होती. महागडी साधने परवडेनात, तेव्हा ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर बिया, पाने, शंख, काड्या हाताशी घेतल्या. त्यांचे आणि अनुताई वाघांचे पुढचे काम पाहिले, तर नाव माँटेसरीचे असले तरी हात आगात्सी बहिणींचेच वाटतात.

इटलीत दरम्यान सत्ता बदलली. १९२५ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने माता-बालकांसाठी 'ओन्मी' ही राष्ट्रीय संस्था काढली. दूध, दवाखाना, तपासणी हे सगळे तिच्यातून मिळाले, आणि ते खरोखर उपयोगीही पडले. पण हेतू होता अधिक जन्म, अधिक सैनिक, आणि बाईची जागा घरात. फॅसिझम कोसळल्यावरही ही संस्था १९७५ पर्यंत चालली, आणि पाळणाघर म्हणजे अडलेल्या गरीब बाईसाठीची सोय हा शिक्काही तेवढाच टिकला.

तो शिक्का पुसायला सुरुवात झाली एका खेड्यात. २५ एप्रिल १९४५ ला जर्मन ताब्यातून मुक्तीची घोषणा झाली आणि पुढच्या काही दिवसांत रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला गावाने ठरवले की मुलांसाठी शाळा बांधायची. पैसा? पळून गेलेल्या जर्मनांनी मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले. विटा बॉम्बने पडलेल्या घरांच्या, वाळू नदीतली, मजुरी सुट्टीच्या दिवसांची. बायका विटा एकेक करून घासून धूत होत्या. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवर तिथे गेला आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य तिथून ठरले. १९६३ मध्ये रेज्जो नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा उघडली, तोवर हे क्षेत्र बहुतांशी चर्चच्या हाती होते. या शाळांत एक चित्रकार कायमचा नेमलेला असतो आणि स्वयंपाकघर शाळेच्या आतच असते. मुले स्वयंपाकीणबाईंना नावाने ओळखतात. १९९१ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने तिथल्या 'दियाना' शाळेला जगातल्या उत्तम शाळांत गणले, तेव्हा जग तिकडे वळले. पण शाळा रणगाड्याच्या भंगारातून उभी राहिली हे पाहुण्यांनी आधी ऐकायला हवे.

कायदे मागून आले. १९६८ मध्ये सरकारी बालशाळा आल्या, नाव दिले 'स्कुओला मातेर्ना', म्हणजे मातेची शाळा. शाळेतल्या बाईने आईची जागा भरायची, हा जुना विचार या नावातही होताच. १९७१ मध्ये दोन मोठे कायदे झाले : एकाने नोकरदार बाईला बाळंतपणाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने सक्तीची रजा दिली, दुसऱ्याने पाच वर्षांत ३,८०० नीदो उभारायचे ठरवले. कामगार बायकांच्या आणि स्त्री संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या मोर्चांशिवाय हे झाले नसते. आकडा मात्र वेळेत गाठला गेला नाही. एमिलिया-रोमान्यासारख्या प्रांतांनी नीदो बांधले, दक्षिणेत जागा नावापुरत्या राहिल्या. या दरीची मला सर्वांत जास्त चीड येते. कारण नीदोची जिथे अधिक गरज, जिथे बाईला नोकरी मिळणे आधीच अवघड, तिथेच घरटे नाही. २०१७ पासून जन्म ते सहा वर्षे अशी एकच व्यवस्था कायद्याने मानली आहे. तरीही तीन वर्षांवरची बहुतेक सगळी मुले शाळेत जातात, आणि तीन वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे देशभरात जेमतेम तीस जागा आहेत.

उरलेल्यांचे काय? उरलेली 'नोन्नी'कडे, म्हणजे आजी-आजोबांकडे. इटलीत २००५ च्या कायद्याने २ ऑक्टोबर हा आजी-आजोबांचा दिवस ठरवला. पण निवृत्तीचे वय वर सरकत गेले, आज्या स्वतःच नोकरीत अडकल्या, मुले दुसऱ्या शहरात गेली. जन्मही घटले : २०२४ मध्ये पुऱ्या देशात सुमारे ३,७०,००० बाळे, म्हणजे एका बाईमागे सरासरी १.१८. त्यामुळे तीन वर्षांवरच्या शाळांत पटासाठी मुले कमी पडू लागली आहेत, पण नीदोत जागा हवी तर अनेक शहरांत अजूनही यादीत नाव घालून थांबावे लागते.

जागा मिळाली, की 'इन्सेरिमेन्तो' सुरू होते, म्हणजे मुलाला रुळवणे. आई किंवा बाप पहिले काही दिवस नीदोत मुलासोबतच बसतात. मग एके दिवशी दहा मिनिटे बाहेर, दुसऱ्या दिवशी अर्धा तास. मूल रडले तर आत बोलावतात. आत कपड्यांच्या खुंटीवर त्याची खूण लावलेली असते : छत्री, नाहीतर चेरी.