कुरणावरच्या गोमांसाची चव ठरते कुठे?

अमेरिकेत केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया या पट्ट्यात घरच्या कुरणावर एखाददुसरा खच्ची केलेला गोऱ्हा वाढवायचा आणि त्याचं मांस फ्रीझरमध्ये भरून वर्षभर पुरवायचं, ही जुनी पद्धत आहे. शेवटचे तीन-चार महिने मक्याचा भरडा खाल्लेल्या जनावराचं मांस आणि अखेरपर्यंत गवतावर राहिलेल्याचं मांस चवीला वेगळं लागतं. मात्र गवताचा स्वतःचा वास मांसात थेट फारसा उतरत नाही. कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) जिवाणू त्या चाऱ्याचं काय करतात, यावर बरंच अवलंबून असतं.

गवताच्या पानांतल्या मेदाम्लांत, म्हणजे चरबीच्या घटकांत, निम्म्याहून जास्त वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो. मक्यात लिनोलिक जास्त. जिवाणू यातलं बहुतेक संपृक्त करून टाकतात, पण थोडं त्यांच्या तावडीतून सुटतं आणि चरबीत साठतं. तव्यावर चरबी तापली की ही आम्लं तुटतात. लिनोलेनिकमधून हिरवट, क्वचित माशासारखा वास येतो, तर लिनोलिकमधून तळणीचा खमंगपणा.

दुसरा गडी म्हणजे स्कॅटोल. वसंतातल्या कोवळ्या चाऱ्यात झटपट फुटणारी प्रथिनं भरपूर असतात, पण ती पचवून वापरायला जिवाणूंना तेवढी ऊर्जा मिळत नाही. मग प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्कॅटोल तयार होतं. शेणाच्या वासाचं हे संयुग चरबीत मुरतं. पांढरा क्लोव्हर आणि लुसर्न (लसूणघास) या शेंगवर्गीय चाऱ्यांनी ते वाढतं. बर्ड्सफूट ट्रेफॉइल या त्याच वर्गातल्या चाऱ्यातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) प्रथिनांना धरून ठेवतात, त्यामुळे ते घटतं. यावरचं बरंचसं काम न्यूझीलंडमध्ये, तेही मेंढ्यांवर झालं आहे. पण स्कॅटोल वाढतं म्हणून क्लोव्हर काढून टाकायचं कारण नाही. वजन त्यानेच चढतं. त्याचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांपर्यंत ठेवावं आणि भुकेलं जनावर दवाने भिजलेल्या क्लोव्हरमध्ये सोडू नये, नाहीतर चवीआधी पोटफुगी गाठते.

थेट वास लावणाऱ्या वनस्पती मोजक्याच, पण त्या पक्क्या. रानलसूण थंडी ओसरताना इतर गवताआधी हिरवी होते आणि जनावरं नेमकी तीच खुडतात. तिची गंधकयुक्त संयुगं रक्तातून सगळीकडे पोचतात. कापणीने ती जात नाही, कारण गड्डे जमिनीत राहतात. उपाय सोपा आहे: कत्तलीआधी किमान आठवडाभर जनावर स्वच्छ कुरणात किंवा सुक्या गवतावर ठेवावं.

केंटकी-टेनेसीच्या या पट्ट्यात टॉल फेस्क्यू गवत सर्वत्र आहे. त्यात राहणाऱ्या बुरशीच्या विषाने मांसाला वास येत नाही; जनावर उन्हाळ्यात धापा टाकतं, खाणं कमी करतं आणि अंगावर चरबी धरत नाही. चरबीचा थर पातळ राहिला की कापलेल्या जनावराचं धड शीतगृहात फार लवकर गार होतं, स्नायू आखडतात आणि मांस चिवट होतं. मग दोष चाऱ्याच्या चवीवर ढकलला जातो. म्हणून उन्हाळ्यात बर्म्युडा गवत किंवा चक्क बाजरी पेरून हिरवी चारतात. फेस्क्यूचं कुरण २०-२५ सेंटिमीटर उंच झालं की जनावर आत सोडावं आणि ८-१० सेंटिमीटरवर बाहेर काढावं.

चरबी पिवळी दिसली तर घाबरू नये. तो हिरव्या पानातला कॅरोटीन आहे. वासाची शंका असेल तर मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीचा लिंबाएवढा तुकडा छोट्या कढईत मंद आचेवर वितळवून हुंगावा. दोष तिथे आधी कळतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, पण कोठीपोट बोकडालाही असतं, म्हणून चाऱ्याचं हे गणित त्यालाही लागू पडतं. त्याच्या मटणाचा उग्र दर्प मात्र मुख्यतः फांद्या फुटलेल्या (रेणूची साखळी सरळ नसलेल्या) मेदाम्लांचा, विशेषतः ४-एथिलऑक्टेनोइक आम्लाचा.

गवतावरच्या मांसात ई जीवनसत्त्व जास्त असल्याने त्याचा लाल रंग टिकतो, तरी खिम्यावर विसंबू नये. दळताना हवा मिसळते आणि लिनोलेनिक खवट होतं. हवा काढून बांधलेला खिमा उणे १८ अंशांवर ठेवला तरी तीन-चार महिन्यांत संपवावा. मोठे तुकडे त्याहून बरेच जास्त टिकतात.