न ऐकता गाण्याची तबकडी घेताना: आमच्या ग्राहकांसाठी चार गोष्टी

दुकानात आठवड्यातून एकदा तरी हे घडतं. कव्हर हातात धरून गिऱ्हाईक विचारतं, "मल्लिकार्जुन मन्सूर आहेत न्हवं? मग ऐकून काय बघायचं? बांधा." असं गिऱ्हाईक आम्हाला आवडतं, हे आधीच कबूल करतो. पण तेच गिऱ्हाईक महिन्याभराने तोंड पाडून तबकडी परत घेऊन आलेलंही आम्ही पाहिलंय. मधल्या काळात मन्सूरअण्णांचं गाणं काही बिघडलेलं नसतं. बघायचं राहिलेलं असतं ते कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यासाठी हे पत्रक.

"ऐकल्याशिवाय घेऊच नका" असं आम्ही म्हणणार नाही. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकून ख्यालाचं काय कळतं? तेवढ्यात तर नुसता षड्ज लागतो आणि तबलेवाला हातोडी ठेवतो. गुळाचा खडा जिभेवर ठेवला की सगळी ढेप कळते, रागाचं तसं नाही. शिवाय पहिलं ऐकणं एकदाच मिळतं. रात्री जेवणं आटोपल्यावर, घर शांत झाल्यावर, पहिल्यांदा सुई टेकवायची यातली मजा दुकानातल्या कुबट हेडफोनवर घालवू नये. आमच्यातल्या थोरल्यांचं तर मत असं की विश्वासाच्या गवयाने न ऐकलेला अनवट राग गायला असेल, तर विचारूसुद्धा नये, सरळ घ्यावा. खोकर, बिहारी, एक निषाद बिहागडा असलं काही मन्सूरांच्या नावाखाली दिसलं तर आम्हीच मागं लागून खपवतो.

मात्र विश्वास गवयावर असतो आणि पैसे आपण तबकडीचे मोजतो. कोल्हापूरच्या गुजरीतला सराफ चार पिढ्यांचा असला तरी काट्याकडे नजर जातेच की!

आधी मिनिटं वाचा

जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एलपीच्या, म्हणजे लाँग प्ले तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-पंचवीस. सीडीवर सत्तरच्या पुढे. गवई तोच, राग तोच, पण भांडं बदललं की गाणं बदलतं. तीन मिनिटांत आलापीला जागाच नसते. बंदिशीचं तोंड, चार आवर्तनं, ताना आणि संपलं. केसरबाई केरकरांच्या गाण्याच्या तबकड्या मोजक्याच, त्याही बऱ्याचशा या मापातल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच आहे. ती अपुरी वाटत नाही, ही बाईंची ताकद. पण देवल क्लबातल्या मैफिलीत दोन-दोन तास एक राग ऐकलेल्या माणसाने असा संच घरी नेला आणि चौदा राग पाऊण तासात उरकले, तर तो चिडणारच. चूक केसरबाईंची नाही आणि त्याचीही नाही. मिनिटं वाचली नाहीत, एवढंच.

मिनिटं वाचण्याचा दुसरा उपयोग आणखी मोठा. कंपन्या लोकप्रिय रेकॉर्डिंग नवं कव्हर घालून पुन्हा पुन्हा काढतात. किशोरीताई आमोणकरांचा एलपीवरचा भूप राग असाच बऱ्याच संचांत फिरलाय. आमच्या वडिलांनी एकदा एका व्यापाऱ्याकडून मोठ्या भरवशाने तीन सीडींचा संच आणला. घरी लावून बघतात तर त्यातलं निम्म्याहून अधिक कपाटात आधीच होतं. तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. राग, बंदिशीची पहिली ओळ, ताल, मिनिटं आणि सेकंद असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. बंदिश तीच आणि वेळही काही सेकंदांच्या फरकाने तीच निघाली, तर ते बहुधा जुनंच रेकॉर्डिंग, नवा शर्ट घालून आलेलं. तुमच्याकडच्या तबकड्यांची अशी यादी आणलीत तर ताडून द्यायचं काम आम्ही फुकट करतो.

मग साल

हे बऱ्याच कव्हरांवर नसतंच आणि आमचा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. मन्सूरांनी आधी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली, मग अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ आणि त्यांच्यामागे भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर घराण्याची. तरुणपणीच्या ७८ च्या तबकडीतला आवाज आणि साठीनंतरच्या मैफिलीतला आवाज शेजारी ठेवून ऐका, मग आम्ही काय म्हणतोय ते कळेल. कुमार गंधर्वांचं तर उघडच आहे. लहानपणी गाजलेला मुलगा, मग क्षयामुळे काही वर्षं बंद पडलेलं गाणं, आणि देवासला नव्याने उभा राहिलेला गवई. "कुमारांचं काही पण द्या" म्हणणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, कुठले कुमार?

खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचं मात्र काही मिळणार नाही. शाहू महाराजांच्या पदरी ते होते, १९२२ ला महाराज गेल्यावर मुंबईला गेले, १९४६ ला वारले. पण त्यांच्या गाण्याची तबकडी निघालीच नाही. त्यांची "दुर्मिळ रेकॉर्ड" कुणी गळ्यात मारायला आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

जुगलबंदी ऐकूनच घ्या. दोघांवर वेगवेगळा विश्वास असला म्हणजे जोडीवर असतोच असं नाही. अभंग-भावगीतांत गायकाआधी संगीतकाराचं नाव बघा. आवाज ओळखीचा असला तरी चाल कुणाची, यावर अर्धं गाणं ठरतं. "पुनर्संस्कारित" लिहिलेल्या जुन्या रेकॉर्डिंगबद्दल आम्हाला जरूर विचारा. खरखर काढता काढता कधी तानपुऱ्याची धारही काढून टाकलेली असते, कधी वरून प्रतिध्वनी चढवलेला असतो. क्वचित ७८ ची तबकडी चुकीच्या, जास्त वेगाने उतरवलेली सापडते. मग गवयाचा स्वर चढलेला लागतो आणि माणूस घाईत असल्यासारखा वाटतो.

जुन्या तबकड्यांबद्दल

इथे मात्र कुणावरही विश्वास ठेवू नका, आमच्यावरही नको. तबकडी उजेडाखाली तिरकी धरा. केसासारखे ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत, नखाला लागणारा ओरखडा हमखास टकटकतो. खोबणी करड्या पडल्या असतील तर बोथट पिनेने खूप वाजवलेली समजा, ती धुऊन सुधारत नाही. वाकलेली आहे का ते फिरत्या तबकडीवर बाजूने बघितलं की दिसतं. जुनी तबकडी आम्ही दोन्ही बाजूंनी थोडी थोडी लावून दाखवतो. तुम्ही नको म्हणालात तरी दाखवतो.

परतीचं: सीलबंद माल फोडल्यावर गाणं आवडलं नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. तबकडी सदोष निघाली, किंवा तुमची यादी ताडताना आमच्या हातून दुबार सुटली, तर बदलून देतो, तिथे वाद नाही. आवडलं नाही तर निदान सांगायला तरी या. कुणाला काय द्यायचं नाही, हेही वहीत लिहिलेलं असतं.

आणि बारा इंची तबकडी नेताना कापडी पिशवी आणा. उभी धरा. गाडीच्या डिकीत आडवी टाकून उन्हात गाडी लावून मिसळ खायला थांबू नका. आधी घर, मग मिसळ.