सेमिस्टर संपली, पोरगं समुद्रावर चाललं: घरच्यांसाठी माहिती

जुलै लागला की आमच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येते. पेरणी झालेली असते, डवरणी चालू असते, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते, अन् काका मोबाईल पुढे करून म्हणतात, "पाय बरं बाप्पा, हे पोट्टं काय म्हणते." मेसेज असतो की परीक्षा झाली, आम्ही पाच जण चार दिवस बीचवर चाललो. काकांचा सवाल एकच, "कर्ज काढून शिकाले पाठवलं अन् हा समुद्रावर काहून चालला? घरी याले काय झालं?"

आम्ही बसस्टँडसमोर तिकीट, पासपोर्ट फॉर्म अन् इन्शुरन्सचं काम करतो. आर्वी तालुक्यातली बरीच पोरं आमच्याच टेबलावरून बाहेर गेली, म्हणून हा सवाल दरवर्षी ऐकतो, अन् दरवर्षी तेच सांगून घसा बसते, म्हणून हा कागद छापला. घरी घेऊन जा, काकूंना पण वाचून दाखवा, कारण खरी काळजी त्यांनाच असते.

आधी पैशाचं

आमच्याकडची जास्त पोरं जर्मनीत आहेत म्हणून तिथलंच सांगतो. तिथली उन्हाळी सेमिस्टर कागदावर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असते, पण क्लास साधारण जुलैच्या मध्यात संपतात, मग परीक्षा, अन् हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला लागते. मधात जो वेळ राहते त्यात कोणी रिपोर्ट लिहिते, कोणी कामावर जाते, अन् कोणी चार दिवस फिरून येते. चार दिवसासाठी नागपूरपर्यंत यायचं म्हणजे सीझनचं विमान तिकीट लागते, त्यापेक्षा तिथल्या तिथं समुद्रावर जाणं कितीतरी स्वस्त पडते, हे आधी डोक्यात घ्या.

दुसरं, तुम्ही जाताना ब्लॉक अकाउंटमध्ये जे ११,९०४ युरो भरले होते, ते पोराच्या हातात एकदम येत नाहीत, महिन्याला ९९२ येतात. त्यातच रूमचं भाडं, हेल्थ इन्शुरन्स अन् खाणं. म्हणजे फिरायचे पैसे बहुतेक त्यानं कामाचेच वाचवलेले असतात. स्टुडंटला तिथं वर्षाला १४० पूर्ण दिवस नाहीतर २८० अर्धे दिवस काम करता येते, मार्च २०२४ पासून हा नियम आहे. तर भाऊ, पहिले पोराला विचारा की पैसे कुठले, अन् मग रागवा.

सगळ्यात स्वस्त ट्रिप म्हणजे जर्मनीतलाच समुद्र. उत्तरेला बाल्टिक आहे, रोस्टॉक नावाचं शहर, तिथून लोकलनं वार्नेम्युंडेच्या बीचवर जाता येते. महिन्याचं जर्मनी तिकीट असते ना, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोचं, त्याच्यावर साध्या गाड्यांनी सगळा देश फिरता येते, अन् बऱ्याच युनिव्हर्सिटीत ते सेमिस्टर फीमध्येच धरलेलं असते. फक्त फास्ट गाड्यांना ते चालत नाही, चुकून चढलं तर दंड. बीचवर वेताच्या मोठ्या झाकण असलेल्या खुर्च्या दिसतील, फोटोत पाहून एका काकूनं विचारलं होतं की हे कोंबड्या झाकायचे खुराडे काय, तर नाही, त्या वाऱ्यापासून बसायच्या खुर्च्या आहेत, रोस्टॉकच्याच एका कारागिरानं १८८२ मध्ये पहिली बनवली. भाड्यानं मिळतात. पाणी मात्र जुलैतही गार, आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा गार समजा. अन् काही बीचचा एक भाग बिनाकपड्याच्या लोकांसाठी असते, तिथं तशी पाटी असते, पोरगा चुकून तिकडं गेला तर त्याचा दोष नाही, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फिरवायला सांगू नका एवढंच.

व्हिसा: इथं आमची चूक झाली होती

ही गोष्ट सांगायला लाज वाटते पण सांगतो. एका ताईची मुलगी इंग्लंडमध्ये एमएस्सी करत होती, मैत्रिणींसोबत स्पेनला बीचवर जायचं ठरलं, ताई आमच्याकडे आल्या अन् आम्ही लंडनहून स्पेनचं तिकीट काढून दिलं. तिथं राहते म्हणजे जाता येतच असेल असं आम्ही धरून चाललो. विमानतळावर काउंटरवाल्यानं पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला अन् विचारलं शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, तो कुठं. नव्हता. मैत्रिणी गेल्या, ही पोरगी रात्री रूमवर परत, अन् तिकीट नॉन-रिफंडेबल. त्यातले अर्धे पैसे आम्ही खिशातून दिले, पण सुट्टी काही परत देता आली नाही.

तेव्हापासून तिकिटाच्या आधी आम्ही पोराचं तिथं राहायचं परमिट मागतो, राग मानू नका.

हिशोब असा आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, क्रोएशिया अशा मिळून २९ देशांचा शेंगेन गट आहे. त्यातल्या एका देशाचं रेसिडेन्स परमिट असलं तर बाकीच्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते, वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त पासपोर्ट अन् परमिटचं कार्ड दोन्ही जवळ पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला या गटात आला अन् युरोही त्याच दिवशी घेतला, जुन्या माहितीवर जाऊ नका. इंग्लंड अन् आयर्लंड मात्र या गटात नाहीत. तिथं शिकणाऱ्या पोराला स्पेन-ग्रीसचा बीच पाहायचा तर तिथूनच शेंगेन व्हिसा काढावा लागते, फी ९० युरो, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, अन् कमीतकमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स दाखवावा लागते. अर्ज सहा महिने आधीपासून भरता येते, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच हात घाला. नाही जमलं तर इंग्लंडचेच बीच आहेत, ब्रायटन आहे, बोर्नमथ आहे, व्हिसाची कटकट नाही.

परमिटची तारीख संपत आली असली, रिन्यूअलला टाकलं असलं अन् हातात नुसता तात्पुरता कागद असला, तर देशाबाहेर जायच्या आधी पोरानं तिथल्या फॉरेनर ऑफिसलाच, म्हणजे परमिट देते त्या ऑफिसला, विचारावं. मित्र गेला होता, काही झालं नाही, हे उत्तर आम्ही धरत नाही.

विहीर वेगळी, समुद्र वेगळा

हे नीट वाचा. बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, इथं चुकलं तर पैशावर भागत नाही.

आपली पोरं पोहायला कुठं शिकतात? पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून मामाच्या विहिरीत. चांगली पोहतात, काठावरून सूर मारतात. पण विहिरीचं पाणी जागेवर असते, दमलं की कडेला दगड धरायला असते. समुद्रात धरायला काही नाही अन् पाणी जागेवर राहत नाही. वर मिठाच्या पाण्यात अंग हलकं वाटते, म्हणून हिंमत वाढते.

बुडायचं एक मोठं कारण म्हणजे आत ओढणारी धार, तिकडे तिला रिप करंट म्हणतात. समजायला सोपं आहे. झडीच्या पावसात वावरात पाणी तुंबते अन् धुऱ्याला एका जागी खांड पडली की सगळं पाणी त्याच खांडीतून पळते, ते कसं जोरात जाते तुम्ही पाहिलं आहे. तसंच लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी वाळूच्या दोन उंचवट्यांच्या मधातून परत समुद्रात पळते. जोराची धार सेकंदाला दोन मीटरच्या वर जाते, तिच्यासमोर पट्टीचा पोहणाराही हरते. अन् फसवणूक अशी की त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत अन् जरा काळपट दिसते, नवख्याला वाटते हीच जागा चांगली आहे.

सापडला तर? ही धार खाली ओढत नाही, आत दूर नेते. म्हणून काठाकडे जोर लावायचा नाही, तिथंच दम संपते. पाठीवर तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून बोलवायचं, अन् ताकद असली तर काठाला समांतर, म्हणजे आडवं पोहायचं. धार रुंदीला जास्त नसते, तिच्यातून बाजूला निघाला की मग काठाकडे वळायचं. हे पोराला फोनवर एकदा बोलायला लावा, नुसतं "हो माहीत आहे" वर सोडू नका.

झेंडे पाहायला सांगा. वर लाल खाली पिवळा असे दोन झेंडे लावलेले असले तर त्यांच्या मधात जीवरक्षकाचं लक्ष असते, पोहायचं ते तिथंच. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. जीवरक्षक संध्याकाळी घरी जातात, तिकडे उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असते अन् पोरांना वाटते अजून दिवसच आहे, तेव्हा कोणी पाहायला नसते. अन् बियर पिऊन पाण्यात जायचं नाही. तुमचा पोरगा पीत नाही हे आम्हालाही माहीत आहे काका, पण त्याच्या मित्रांसाठी सांगून ठेवा.

युरोपात कुठंही ११२ लावला की मदत येते, कॉल फुकट असते. इंग्लंडमध्ये ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

उन्हाचं थोडक्यात. आपण ४५ डिग्रीत वावरात राहणारे, आपल्याला काय ऊन लागते असं पोरं म्हणतात, पण तिथं वारा गार असते म्हणून चटका कळत नाही अन् रात्री पाठीची सालटं निघतात. क्रीम लावायची, दुपारी सावलीत. क्रोएशियाकडे काठ दगडगोट्यांचा असते अन् पाण्यात काटेवाले समुद्री जीव असतात, स्वस्तातले रबरी बूट घालूनच उतरायचं.

बॅग, कार्ड, पासपोर्ट

स्वस्त विमानात सीटखाली मावेल तेवढीच बॅग फुकट असते, मोठी निघाली तर गेटवर तिकिटापेक्षा जास्त पैसे घेतात. साइज तिकिटावर लिहिलेली असते, पोरानं टेपनं मोजावी. चेक-इन घरूनच मोबाईलवर करून घ्यावं. तिथल्या मशीनवर इथलं कार्ड टाकलं अन् "रुपयात कापू का" असं विचारलं तर नाही म्हणायचं, युरोच निवडायचा, रुपयाच्या रेटमध्ये मशीनवाला आपलं कमिशन घालते.

जर्मनीच्या सरकारी हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डामागे युरोपियन कार्ड असते, त्यावर युरोपियन युनियनच्या बहुतेक देशांत अर्जंट इलाज होते. पण पेशंटला भारतात आणायचा खर्च त्यात नाही, त्यासाठी वेगळी ट्रॅव्हल पॉलिसी घ्यावी, चार दिवसाची जास्त महाग नसते. हे विकायला सांगत नाही, पोरानं तिथूनच घेतली तरी आमची हरकत नाही.

पोहायला जाताना एक जण सामानाजवळ बसलाच पाहिजे, पासपोर्ट वाळूत टॉवेलखाली ठेवून सगळे पाण्यात, असं करू नये. हरवला तर पहिले पोलीस रिपोर्ट, मग भारतीय दूतावास. तिथं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते ते फक्त भारतात परत यायला चालते, त्यावर परत युनिव्हर्सिटीत जाता येत नाही, म्हणून ज्याला पुढं शिकायचं आहे त्यानं नवा पासपोर्टच मागायचा अन् परमिटच्या ऑफिसलाही कळवायचं.

निघायच्या आधी पोराकडून पासपोर्टचं पहिलं पान, परमिटच्या दोन्ही बाजू, पॉलिसी अन् राहायच्या जागेचा पत्ता यांचे फोटो मागवून तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि फोनचं, उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तुम्ही रात्री साडेनऊला फोन लावता तेव्हा तिथं सहा वाजले असतात, पोरगा पाण्यात असते. उचलला नाही तर लगेच मामाला, जावयाला, सगळ्यांना कामाला लावू नका, दोन तास थांबा.

आम्ही कागद तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. तिकिटाचा सर्व्हिस चार्ज भिंतीवर लावलेला आहे. व्हिसा मिळवून देतो असं आम्ही कोणाला म्हणत नाही, कोणी म्हणत असला तर त्याच्याकडून लिहून घ्या. येताना पोराच्या परमिटचा फोटो घेऊन या, दुकान सकाळी दहा ते रात्री आठ, पोळ्याला दिवसभर बंद, तान्ह्या पोळ्याला दुपारपर्यंत चालू.