हलतंय ते इम्प्लांट की नुसता स्क्रू?

"डॉक्टर, माझं इम्प्लांट हलायला लागलंय. काढावं लागणार का हो?" असा फोन आला की मी आधी विचारते, दाबल्यावर दुखतंय का? "नाही, पण चावताना कटकट होतं आणि दात जरासा फिरतो." हे ऐकलं की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो.

स्वतःचा दात हलणं सगळ्यांना ठाऊक आहे: हिरडी बिघडते, हाड झिजतं, दात खिळखिळा होतो. तेच गणित लोक इम्प्लांटला लावतात आणि तिथेच फसतात. इम्प्लांट म्हणजे फक्त हाडात रुतलेला टायटॅनियमचा तुकडा. त्याच्यावर अबटमेंट, म्हणजे कॅपला आधार देणारा मधला जोड, त्यावर कॅप, आणि अबटमेंटला खाली धरून ठेवणारा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू. कुकरचं हँडल डुगडुगलं म्हणून कुणी कुकर भंगारात देत नाही. इथे मात्र हँडल हललं की 'इम्प्लांट फेल' अशी बोंब.

खरंच फेल झालेलं इम्प्लांट हाडाशी नातं तोडतं. एक्स-रेत त्याच्याभोवती काळी कड दिसते. ते आवळून वाचत नाही, काढावंच लागतं. स्क्रू सैल असेल तर हाड इम्प्लांटच्या आट्यांना घट्ट बिलगलेलं असतं, फट दिसलीच तर वर, अबटमेंटच्या सांध्यात. दुखण्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. सैल अबटमेंटखाली हिरडी चिमटली तरी ठणकतं, आणि फेल इम्प्लांट कधीकधी अगदी गप्प असतं.

स्क्रू सैल का होतो? आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखूड होण्याच्या ओढीने अबटमेंटला खाली दाबून धरतो. सांधा टिकतो तो या ओढीवर. घासाचा जोर तिच्यावर मात करू लागला की सांधा केसभर उघडतो, मिटतो, आणि स्क्रू हळूहळू उलटा फिरतो. शिवाय नव्या स्क्रूच्या आट्यांवरचे बारीक उंचवटे दबले की थोडी ओढ आपोआप कमी होते, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा आवळायचं. तेही टॉर्क रेंचने, म्हणजे पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यावर. बऱ्याच सिस्टिममध्ये तो ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असतो. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांच्या हाताचा जोर बहुधा त्याला कमीच पडतो. माझं डोकं फिरतं ते इथे.

सांध्याच्या घडणीचाही यात हात आहे. आधुनिक इम्प्लांटचे जनक मानले जाणारे स्वीडनचे ब्रोनेमार्क, त्यांच्या मूळ इम्प्लांटवर ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोन होता, तो मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवण्यासाठी. अनेक इम्प्लांट एकत्र जोडलेल्या ब्रिजला तो पुरला. एकट्या दाढेखाली मात्र सगळा भार स्क्रूवर येऊ लागला. आतून निमुळता सांधा म्हणजे एकात एक अडकलेले स्टीलचे ग्लास: भिंतीच एकमेकींना धरतात, स्क्रूचं ओझं हलकं होतं. एकट्या दाढेला मी तोच घेते.

कॅप झिर्कोनियाची की धातूवर पोर्सिलेनची, हा वाद इथे गौण. ती सिमेंटने चिकटवलेली आहे की स्क्रूने बसवलेली, हे विचारा. मी शक्यतो स्क्रूचीच बसवते: कॅपच्या भोकातलं फिलिंग आणि टेफ्लॉन टेप काढली की पाच मिनिटांत स्क्रू हाती.

गेल्या महिन्यात एक काकू आल्या, कॅप सिमेंटची, दुसरीकडे बसवलेली. स्क्रू कुठे असेल याचा अंदाज घेत चांगल्या कॅपला भोक पाडावं लागलं. सैल स्क्रूवर चावत राहिलं तर तो आत तुटतो, पण काकूंनी त्या बाजूने खाणंच सोडलं होतं, म्हणून बचावल्या. नवा स्क्रू आवळून जुना त्यांच्या तळहातावर ठेवला. चष्मा वर सरकवून त्यांनी तो निरखला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा खिळ्यापायी मी पंधरा दिवस मऊ भात गिळला?"