दोन इंची पाइपला वॉल्व्ह किती इंची?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पीआरव्ही, म्हणजे पाण्याचा दाब कमी करणारा वॉल्व्ह, बदलायची वेळ आली तेव्हा प्लंबरने एकच प्रश्न विचारला, "पाइप किती इंची?" दोन इंची म्हटल्यावर त्याने दोन इंची वॉल्व्ह लिहून घेतला. आधीचाही दोन इंचीच होता. रात्री सगळं निजानीज झाल्यावर शाफ्टमधून जो घूं-घूं आवाज यायचा, त्याचं मूळ तिथेच होतं.

आमची इमारत २८ मजली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्यापासून साधारण ९० मीटर उंच आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे १ किलो दाब (प्लंबरच्या भाषेतला किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो), म्हणजे खाली ९ किलो. नळाला दोन-अडीच किलो भरपूर होतात. ९ किलोला बेसिनखालच्या नळ्या फुटतात, गीझर गळायला लागतो. पाणीही फार जातं: नळातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे ९ ऐवजी सव्वादोन किलो दाबाला तोच नळ निम्मं पाणी सोडतो. ज्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे ही बचत किती मोलाची आहे हे सांगायला नको.

वॉल्व्हच्या पोटात एक स्प्रिंग आणि एक पडदा असतो. स्प्रिंग वाट उघडायला बघते. पुढच्या बाजूच्या पाण्याचा दाब पडद्यावर रेटा देऊन ती मिटायला बघतो. नळ उघडला की पुढचा दाब उतरतो, स्प्रिंग जिंकते आणि हवं तेवढंच पाणी पुढे जातं.

मोठा वॉल्व्ह बसवला की अडचण होते ती कमी पाणी लागतं तेव्हा. पहाटे तीनला एखाद्या फ्लशच्या टाकीची गळती सोडली तर काहीच चालू नसतं. तेवढ्या पाण्यासाठी दोन इंची वॉल्व्ह केसाएवढीच फट उघडतो. आमचा वॉल्व्ह खालच्या आठ मजल्यांच्या लाइनवर, आठव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये होता. तिथे साडेसहा किलो येत होतं आणि पुढे दीड किलो सोडायचं होतं. ५ किलोचा हा फरक त्या फटीत पाण्याला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास वेग देतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. त्यात शटडाऊननंतर, म्हणजे पाणीपुरवठा बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर, येणारा गाळ मिसळला की वॉल्व्हच्या बैठकीवर (वाट मिटताना झडप जिथे टेकते ती कड) चरे पडतात. मग तो पूर्ण मिटतच नाही आणि ऐन रात्री पुढचा दाब चढत जातो. फटीशी वॉल्व्ह सतत उघडझाप करत राहतो, त्याचाच तो आवाज.

म्हणून माप ठरवायचं ते पाण्याच्या प्रवाहावरून. आठ मजल्यांवरचे सगळे नळ एकाच वेळी कधीच उघडे नसतात. किती उघडे असतील याचा अंदाज संभाव्यतेच्या गणिताने बांधायची रीत अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉय हंटर यांनी १९४० साली मांडली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. आमच्या लाइनचा सकाळचा आकडा आला मिनिटाला ९० लिटर. ईएन १५६७ या युरोपीय मानकात वॉल्व्हमधला पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरून मापं दिली आहेत: सव्वा इंची वॉल्व्हला तासाला ५.८ घनमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ९७ लिटर. दोन इंचीला १४ घनमीटर, म्हणजे सुमारे २३३ लिटर. पाइप दोन इंची असला तरी आम्हाला सव्वा इंची पुरत होता.

रात्रीचा आकडा आम्हीच काढला. गच्चीवरच्या टाकीचा तळ १२ चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. टाकीत येणारं पाणी बंद ठेवून आणि फक्त खालची लाइन चालू ठेवून दोन ते पाच थांबलो. पातळी ५ सेंटिमीटर उतरली: मिनिटाला सुमारे ३ लिटर. २३३ लिटरच्या वॉल्व्हमधून ३ लिटर!

आणखी लहान घेतला तर? तोही चुकेल. वॉल्व्ह जितका जास्त उघडतो तितकी स्प्रिंग सैल पडते आणि पुढचा दाब उतरतो. सकाळी आठला, सगळे आंघोळीला असताना, शॉवर मंदावतो. दिवस आणि रात्र यांतला फरक फार मोठा असेल तिथे एक लहान आणि एक मोठा असे दोन वॉल्व्ह शेजारी-शेजारी जोडतात. लहानाचा दाब अर्ध्या किलोने जास्त ठेवला की रात्री तो एकटाच काम करतो आणि सकाळी मोठा आपोआप उघडतो.

दुसरी काळजी दाबाच्या गुणोत्तराची. एका वॉल्व्हने दाब तिपटीहून जास्त उतरवू नये, असा साधारण नियम आहे. अरुंद जागी वेग वाढून दाब इतका पडू शकतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे फुटताना धातू खातात. साडेसहावरून दीड म्हणजे चौपटीहून जास्त. म्हणून आम्ही सव्वा इंची दोन वॉल्व्ह एकापुढे एक बसवले: साडेसहाचे सव्वातीन, सव्वातीनचे दीड. त्यांच्याखाली उंचीमुळे दाब पुन्हा वाढतो. तळमजल्याला चारच्या आसपास मिळतो, तो चालतो.

वॉल्व्हच्या आधी स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी) आणि दोन्ही बाजूंना प्रेशर गेज हवेतच. वर्षातून एकदा त्या लाइनचे सगळे नळ बंद करून पुढच्या गेजकडे दहा मिनिटं बघा. काटा चढून लगेच थांबला तर वॉल्व्ह ठीक आहे. हळूहळू चढतच राहिला तर आधी स्ट्रेनर आणि बैठक साफ करा, आणि तरीही चढला तर बैठक बदला.