ट्रॉमा टीम

गंभीर जखमी माणूस रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येताच त्याच्यावर एकाच वेळी, आधी ठरलेल्या वाटणीप्रमाणे उपचार सुरू करणारे पथक म्हणजे ट्रॉमा टीम. रस्त्यावरचे अपघात, उंचावरून पडणे, यंत्रात सापडणे, भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा ही तिच्याकडे रुग्ण येण्याची नेहमीची कारणे. टीमप्रमुख, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, अस्थिरोगतज्ज्ञ, दोन-तीन नर्स, एक्स-रे तंत्रज्ञ आणि वेळेनुसार नोंदी लिहिणारी एक व्यक्ती अशी तिची साधारण रचना असते. रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटर त्या खोलीत नसतात, पण एका फोनवर ती कामाला लागली नाहीत तर खोलीतल्या सगळ्यांची धावपळ वाया जाते.

या कामाला आजची शिस्त आली ती एका विमान अपघातानंतर. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स स्टायनर चालवत असलेले छोटे विमान शेतात कोसळले. त्यांची पत्नी दगावली, मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मुलांना मिळालेले उपचार पाहून स्टायनर अस्वस्थ झाले, कारण जखमीला आधी काय करायचे आणि नंतर काय, हे तिथे कोणालाच नीट शिकवलेले नव्हते. त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला अभ्यासक्रम १९७८ मध्ये प्रथम शिकवला गेला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. ‘एटीएलएस’ (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) या नावाने तो आज जगभर शिकवला जातो.

त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: जे आधी जीव घेईल त्यावर आधी उपचार. भळाभळा वाहणारे बाहेरचे रक्त सर्वप्रथम दाबून धरायचे. मग श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि शेवटी कपडे कापून संपूर्ण शरीराची तपासणी. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पाळणे फार कठीण. चिरडलेला पाय सगळ्यांची नजर खेचून घेतो, ओरडणारा रुग्ण लक्ष वेधतो. पण जो ओरडतो आहे त्याचा श्वासमार्ग त्या क्षणी तरी मोकळा आहे. शेजारी निपचित पडलेला, घशात घरघर होणारा माणूस त्याच्या आधी दगावू शकतो. डोळ्याला जे भयंकर दिसते त्यापासून हाताला दूर ठेवणे, यासाठीच हा क्रम आहे. काही बिघडले की पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासायचे.

छातीत हवा कोंडून फुप्फुस दबले आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडले, तर एक्स-रेची वाट पाहत नाहीत. लक्षणांवरून निदान करून लगेच सुई किंवा नळी घालून हवा बाहेर काढतात. शुद्धीचे मोजमाप ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेल्या कोमा स्केलवर होते. त्यात ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण असतील तर सहसा श्वासनलिकेत नळी घालून रुग्णाचा श्वास सुरक्षित करतात.

सगळ्यात फसवा असतो तो रक्तस्राव. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले जवळजवळ तीस टक्के जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो, विशेषतः तरुण, धडधाकट माणसात. म्हणून अनुभवी नर्स मॉनिटरवरच्या आकड्याइतकाच विश्वास रुग्णाच्या गार, घामेजल्या हातावर आणि वाढत्या नाडीवर ठेवते. बाहेर दिसत नसलेले रक्त छातीत, पोटात, कटीच्या हाडांभोवती (पेल्व्हिसभोवती) किंवा मांडीत साठलेले असू शकते. खाटेशेजारीच केलेल्या सोनोग्राफीत हृदयाभोवतीचे आणि पोटातले रक्त काही मिनिटांत दिसते. कटीच्या हाडांमागचे मात्र सहज दिसत नाही. कटीचे हाड मोडल्याची शंका असेल तर पट्टा आवळतात, आणि इथे एक चूक वारंवार होते: पट्टा कमरेवर बांधला जातो. तो मांडीच्या हाडांच्या वरच्या उंचवट्यांवर यायला हवा, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही.

पूर्वी अशा रुग्णाला सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लावत. सलाईनने रक्त पातळ होते, गोठण्याची शक्ती घटते, शरीर थंड पडते. आणि थंड पडलेल्या, आम्लता वाढलेल्या शरीरात रक्त आणखीच गोठत नाही. या दुष्टचक्रामुळे आता लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट लवकर देतात. खोली उबदार ठेवतात, रक्त कोमट करून चढवतात. ट्रॅनेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या स्वस्त औषधाचा फायदा वीस हजारांहून अधिक जखमींवरच्या क्रॅश-२ चाचणीने २०१० मध्ये दाखवला. ते दुखापतीनंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते. त्यानंतर दिल्यास अपायाची शक्यता असते.

टीमप्रमुख शक्यतो रुग्णाला हात लावत नाही. तो पायाशी उभा राहून सगळे चित्र डोळ्यांसमोर ठेवतो, कारण टाके घालणाऱ्याला फक्त टाका दिसतो. सूचना नाव घेऊन दिली जाते, ऐकणारा ती मोठ्याने परत म्हणतो आणि काम झाल्यावर ‘झाले’ असे सांगतो. ‘कोणीतरी रक्त मागवा’ असे म्हटले की बहुधा कोणीच मागवत नाही. ॲम्ब्युलन्सचे कर्मचारी रुग्ण सोपवत असताना बाकी सगळे गप्प राहतात. अपघात कसा झाला, वाटेत काय दिले, हे सांगणारा माणूस थोड्या वेळात निघून जातो आणि ती माहिती पुन्हा मिळत नाही.

ड्यूटीच्या वेळेचा मोठा भाग मात्र तयारीत जातो. घशातले रक्त-लाळ ओढून काढणारे सक्शन चालते का, घशात पाहून नळी घालण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, छातीत घालायच्या नळ्या जागेवर आहेत का, हे रोज पाहावे लागते. टीमला बोलावूनही दुखापत किरकोळ निघाली, असेही पुष्कळदा होते. ते वाया गेलेले श्रम मानत नाहीत, कारण गंभीर रुग्ण सुटून जाण्यापेक्षा ते परवडते. नातेवाइकांशी बोलणे हेही याच कामाचा भाग आहे, आणि माझ्या मते नळी घालण्याइतकेच ते शिकवायला हवे. रुग्ण दगावला असेल तर बसून, शांतपणे, ‘मृत्यू झाला’ हेच शब्द वापरावेत. ‘आम्ही प्रयत्न केले’ एवढेच ऐकलेली आई पुढचा प्रश्न विचारते: आता कसा आहे तो?

वाचलेल्या रुग्णाची दुसऱ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासणी होते. जिवावरच्या जखमांच्या गडबडीत हाताच्या बोटांचे किंवा पावलाचे लहान हाड मोडल्याचे नजरेतून सुटते. रुग्ण शुद्धीवर आल्यावर बोट दुखत असल्याचे सांगतो, आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याच्यासाठी ते बोट लहान नसते.